आधी पाणी, मग मासे

कंधारला समुद्र आहे असे सांगितले, तर मुंबईचा माणूस हसेल. पण आहे. राष्ट्रकूटांच्या काळातल्या इथल्या तलावाचे नावच मुळी ‘जगत्तुंग समुद्र’. खरा समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पण पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या मुलखाने पाणी अडवले आणि त्या साठ्याला समुद्र म्हटले. त्यात अभिमान होता, तसा कष्टाचा हिशेबही होता. आधी बांध घातला गेला, मग पाणी साठले आणि मासे सर्वांत शेवटी आले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आजचा विषय या क्रमाचाच आहे.

अलीकडे दुसराच एक समुद्र आपल्या दिवाणखान्यात येऊ पाहतो आहे. गोड्या पाण्यातल्या माशांची काचपेटी आपल्याकडे नवी नाही. दवाखान्यात बसायच्या खोलीत, सराफाच्या पेढीवर, वास्तुशांतीच्या भेटीत गोल्डफिश केव्हाचे स्थिरावले आहेत. पण २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश घराघरांतल्या मुलांचा लाडका झाला. हा मासा खाऱ्या पाण्यातला. त्याला समुद्रच लागतो. आता मोबाइलवर मागणी नोंदवली की काचपेटी, दिवे, पंप, मिठाची पिशवी आणि खुद्द मासेसुद्धा घरपोच येतात. फक्त ज्या क्रमाने यायला हवेत त्या क्रमाने येत नाहीत. वाढदिवसाची तारीख माशांना दिलेली असते. मीठ वाटेत असते, पंप जोडायचा राहिलेला असतो आणि सकाळी दारात थर्मोकोलची पेटी हजर! आत प्लास्टिकच्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत एक भांबावलेला जीव.

अशा वेळी काय करावे, हा पहिला प्रश्न. अशी वेळ आलीच का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तातडीचे आहे. दुसऱ्याचे अधिक महत्त्वाचे. पण दोन्हींच्या आधी ‘पाणी तयार असणे’ म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे.

पाणी मुरावे लागते

पाणी भरले, मीठ विरघळले, पंप सुरू झाला, की टाकी तयार झाली असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ती तेव्हा नुसती भरलेली असते. लोणचे घातल्या दिवशी लोणचे नसते. ते मुरावे लागते. टाकीचेही तसेच आहे.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजून आणखी अमोनिया तयार होतो. अथांग समुद्रात तो क्षणात विरून जातो. शंभर लिटरच्या पेटीत तो साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. या विषाचा बंदोबस्त करतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. ते पाणी बदलून काढता येते. सर्गेई विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. आपल्या शेतकऱ्याला त्यांचे नाव ठाऊक नसेल, काम मात्र ठाऊक आहे. कापसाला टाकलेल्या युरियाचा आधी अमोनिया होतो आणि मग काळ्या मातीतले याच कुळातले जिवाणू त्याचे नायट्रेट करून मुळांपुढे ठेवतात. रानात जे घडते तेच टाकीतल्या वाळूत, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजात घडायला हवे.

या जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यासाठी मासा असण्याची मुळीच गरज नाही. त्यांना अमोनिया हवा, मासा नव्हे. कल्हईवाला भांड्यावर टाकायचा तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. प्रयोगशाळेच्या दर्जाचे शुद्ध अमोनियम क्लोराइड अगदी थोडे टाकले, किंवा रोज माशांच्या खाण्याची चिमूट टाकली, तरी जिवाणूंचे भागते. आणि ज्याच्याकडे जुनी, निरोगी टाकी आहे त्याच्याकडून स्पंजाचा एक तुकडा मिळाला तर कालावधी बराच घटतो. घरोघरच्या बायकांना हे सांगायला नको. दुधाला विरजण लागतेच; फक्त इथे रात्रभरात दही लागत नाही.

खाऱ्या पाण्याची आणखी एक खोच आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी. सामू एका अंकाने वाढला की त्याच अमोनियातला विषारी वाटा जवळजवळ दहा पटींनी वाढतो. शिवाय खारे पाणी प्राणवायू कमी धरते. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७. पाणी तापले की दोन्हींत तो आणखी घटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. मुंबईच्या वातानुकूलित घरात जी हयगय खपून जाते ती कंधारला खपत नाही.

पिशवी दारात आली तर

समजा, मासे आलेच. आता हळहळण्यात वेळ घालवू नये. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ज्याची टाकी चालू आहे, आणि तीही खाऱ्या पाण्याची, अशा माणसाकडे किंवा दुकानात ते महिनाभर ठेवायला देणे. त्यात कमीपणा काही नाही. असे कोणी जवळपास नसेल तर घरातच तात्पुरता निवारा करावा लागेल.

त्यासाठी मोठी टाकी घाईने उघडू नये. साबण न लागलेला, खाद्यपदार्थांच्या प्रतीचा चाळीस ते साठ लिटरचा प्लास्टिकचा टब घ्यावा. त्यात गाळणयंत्राचे, म्हणजे आरओचे पाणी भरावे. नळाचेच घ्यावे लागले तर क्लोरीन मारणारे औषध आधी टाकावे. दुकानदार त्याला हायपो म्हणतात. मग मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने विरघळवावे. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. समुद्र म्हणजे नुसते मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सामू सांभाळणारी द्रव्ये असतात. मीठ पूर्ण विरघळून पाणी नितळ होईपर्यंत हवेचा पंप चालू ठेवावा. पाणी २५-२६ अंशांवर असावे. लपायला प्लास्टिकच्या नळीचा एखादा तुकडा टाकावा आणि टबावर जाळी ठेवावी, कारण घाबरलेला मासा उडी मारतो.

हे होईपर्यंत पिशव्या अंधारात, थंडाव्याला आणि बंद असू द्याव्यात. त्या बंद ठेवण्याला कारण आहे. प्रवासात माशाच्या श्वासाने पिशवीत कर्बवायू साठतो, त्याने पाण्याचा सामू उतरतो आणि साठलेला अमोनिया पुष्कळसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विष बनतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासन्‌तास थेंब थेंब पाणी सोडत बसणे हा प्रेमळ दिसणारा, पण घातक उद्योग आहे. बंद पिशवी टबात पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. मग पिशवी उघडून तिच्या पाण्याचा खारेपणा मोजावा आणि टबाचा खारेपणा त्याच्याशी जुळवून घ्यावा. समुद्री मासा सतत पाणी पितो आणि जादा क्षार बाहेर टाकतो. खारेपणा एकदम वाढला तर त्याचे शरीर कोलमडते. एवढे झाले की मासा अलगद जाळीने किंवा हाताने उचलून टबात सोडावा. पिशवीतले पाणी टबात ओतू नये.

पहिला दिवस उपास. त्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवसापासून अगदी थोडे खाणे, आणि दहा मिनिटांत न खाल्लेले काढून टाकणे. अमोनियाची चाचणी रोज करावी आणि आधीच तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने रोज पाव ते अर्धे पाणी बदलावे. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला, कल्ले लाल दिसू लागले, तर चाचणीची वाट न पाहता पाणी बदलावे. बाटलीतले तयार जिवाणू मिळतात. ते मदत करतात, चमत्कार करत नाहीत. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप मात्र हवाच. मोठी टाकी तिकडे तिच्या गतीने मुरत राहील. तिच्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की मगच पाहुण्यांचा गृहप्रवेश. या मुक्कामाचा एक फायदाही आहे. नवा मासा अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग घेऊन आला असेल तर तो टबातच उघड होतो.

‘दोन स्वस्तातले टाका’

आता मताचा भाग. या व्यवसायात एक जुना सल्ला हमखास दिला जातो. “साहेब, आधी दोन स्वस्तातले, कणखर मासे टाका. ते जगले तर महागातले आणा.” निळे डॅमसेल मासे यासाठी जगभर वापरले गेले. अमोनियात होरपळण्यासाठीच त्यांना विकत घ्यायचे. मेले तर फेकायचे, जगले तर त्यांच्या जिवावर मुरलेल्या पाण्यात सुंदर मासे सोडायचे. सल्ला देणारा वाईट माणूस असतो असे नाही. त्याने हेच ऐकलेले असते. पण नवसागराच्या चिमटीने जे काम होते त्यासाठी जीव वापरणे, याला हिशेबीपणासुद्धा म्हणता येत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. बाजारातले बहुतेक समुद्री शोभेचे मासे आजही प्रवाळांच्या वस्तीतून पकडून आणलेले असतात. क्लाउनफिशची पैदास कोंडवाड्यात होऊ शकते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे. घ्यायचाच तर असा पैदाशीचा मासा घ्यावा. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना तर २००१ सालीच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. कोणी ते गुपचूप देऊ केले तर साफ नाही म्हणावे. प्रवाळातून उचललेला मासा बोटीतून, गोदामातून, विमानातून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून हजारो मैल येतो आणि शेवटी कंधारच्या दिवाणखान्यात मरतो, का, तर पाणी चार आठवडे मुरवायला कोणाला सवड नव्हती.

राणीच्या बागेतला धडा

घाई फक्त घराघरांत होते असे नाही. २६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले. पेंग्विन मासा नव्हे, पक्षी. पण प्रश्न याच जातीचा. त्यांचा कायमचा निवास अजून तयार व्हायचा होता. तोवर त्यांना विलगीकरण कक्षात ठेवले गेले. २३ ऑक्टोबरला त्यांतली डोरी नावाची मादी जिवाणूसंसर्गाने दगावली. लोकांना पेंग्विन पाहता आले ते मार्च २०१७ मध्ये. पुढे उरलेले पक्षी रुळले, त्यांना पिल्ले झाली, वसाहत वाढली, हेही सांगितले पाहिजे. आणि कायमचे घर तयार असते तर डोरी वाचली असती, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. संसर्ग तयार घरातही होतो, आणि विलगीकरण तर कुठल्याही परिस्थितीत करावेच लागते. पण त्या वेळी सगळ्या महाराष्ट्राने जो प्रश्न विचारला तो रास्त होता : आधी घर की आधी पाहुणा? महानगरपालिकेला आपण हा प्रश्न विचारला. तोच प्रश्न आपल्या दिवाणखान्यातल्या काचपेटीपुढे उभे राहून विचारायला काय हरकत आहे? डोरी हे नाव ‘निमो’ चित्रपटातल्या निळ्या माशाचे. ज्या चित्रपटाने मुलांना माशाच्या घराची ओढ समजावली, त्याच चित्रपटाने माशांची खरेदी वाढवली, हाही एक विरोधाभासच.

लंडनला जे उमगले, शेततळ्याला जे ठाऊक

समुद्रापासून दूर समुद्र मांडण्याची अडचण कंधारची एकट्याची नाही. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच सुमारास फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने लंडनमध्ये क्षार मिसळून कृत्रिम समुद्राचे पाणी बनवले. त्याने त्यात आधी हिरवे समुद्रशेवाळ सोडले, काही दिवस जाऊ दिले आणि मगच प्राणी सोडले. जिवाणूंचे कोडे तेव्हा उलगडले नव्हते; पण पाण्याला वेळ द्यावा लागतो, हे त्याच्या ध्यानात आले होते.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, त्यानंतर मराठवाड्यात ठिकठिकाणी शेततळी झाली आणि काहींनी त्यांत रोहू, कटला, मृगळ सोडले. मत्स्यबीज आणायचे तर तळे आधी तयार करावे लागते : चुना, शेणखत, पाणी, आणि मग पाण्याला हिरवट रंग चढेपर्यंत थांबायचे. तो रंग म्हणजे प्लवंग, पिल्लांचे अन्न. बीज सकाळी किंवा संध्याकाळी सोडायचे, तेही पिशवी आधी तळ्यात तरंगती ठेवून. तळ्यात पाणी नसताना मत्स्यबीजाची गाडी मागवणारा शेतकरी गावात चेष्टेचा विषय होईल. शिकल्या-सवरलेल्या घरात मात्र तीच गोष्ट ‘सरप्राइज गिफ्ट’ ठरते.

दुष्काळी मुलखाने हा शौक करावा का, असेही कोणी विचारील. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. प्रश्न योग्य आहे, पण उत्तर हिशेबाने द्यावे. मुरलेल्या शंभर लिटरच्या टाकीला आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायला पुरते. उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करायची, कारण वाफ जाते, मीठ मागे राहते. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी लादी पुसायला वापरता येते. उलट, घाईने आलेल्या माशांसाठी साठ लिटरच्या टबातले वीस लिटर रोज बदलायचे, तर महिन्याला सहाशे लिटर पाणी आणि एकवीस किलो मीठ लागते. उधळपट्टी माशांची नव्हे, उतावळेपणाची असते. आणि ते खारे पाणी कुंड्यांना किंवा परसातल्या काळ्या मातीत ओतू नये. माती खराब होते.

कंटाळा आला म्हणून मासे तलावात सोडणे तर त्याहून वाईट. समुद्री मासा जगत्तुंग समुद्रात सोडला तर तो मरेल, कारण तो समुद्र नावापुरता. गोड्या पाण्यातला परदेशी मासा सोडला तर कदाचित तो मरणार नाही, आणि तेच जास्त धोक्याचे. काचपेटीत शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो आहे.

मग मुलांनी मासे पाळूच नयेत का? अवश्य पाळावेत. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झाले, तेव्हापासून किती तरी पिढ्यांना समुद्राच्या पोटातले जग पहिल्यांदा काचेतूनच दिसले. ते कुतूहल मोलाचे आहे. माझे म्हणणे इतकेच की विक्रेत्याने टाकीची अमोनिया चाचणी शून्य आल्याशिवाय समुद्री मासा पाठवूच नये. तयार नसलेल्या टाकीला मासा विकणाऱ्यापेक्षा ‘महिन्याने या’ म्हणणाऱ्या दुकानदारावर गिऱ्हाइकाने अधिक विश्वास टाकावा. आणि आईवडिलांनी वाढदिवसाला द्यायचीच तर रिकामी टाकी द्यावी. खारे पाणी, वाळू, चाचणीच्या बाटल्या आणि एक वही. रोज संध्याकाळी मुलाने पाणी तपासायचे आणि आकडा लिहायचा. अमोनिया चढतो, मग उतरतो. नायट्राइट चढते, मग तेही उतरते. एका महिन्यात मूल रसायनशास्त्र शिकते, थोडे जीवशास्त्र शिकते, आणि ज्याला घरी आणायचे त्याच्यासाठी आधी जागा करायची असते, हेही शिकते. वहीत दोन्ही रकान्यांत शून्य आले की मासा मागवावा. तोपर्यंत त्या काचेत पाहण्यासारखे काहीच नसते असे मुलाला वाटणार नाही. आत काय चालले आहे हे घरात सर्वांत जास्त त्यालाच ठाऊक असेल.